इंटरनेटची जन्मतारीख कोणती? एका नेटवर्कवाल्याचं उत्तर

नववीला आयसीटी (माहिती आणि संचार तंत्रज्ञान) शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय: इंटरनेट कधी सुरू झालं याला एका पुस्तकात १९६९, दुसऱ्यात १९८३ आणि तिसऱ्यात १९९१ असं उत्तर आहे. भारतापुरतं विचारलं तर कुणी १९८६ सांगतं, कुणी १९९५. मुलांना काय लिहायला सांगू? शिवाय वर्गात अर्ध्या मुलांना गूगल म्हणजे इंटरनेट वाटतं आणि उरलेल्यांना वाय-फाय म्हणजे इंटरनेट. ते कसं सोडवू?

मॅडम, पाचही सालं बरोबर आहेत. उत्तर टाळायला म्हणत नाही. आपण ज्याला सरसकट 'नेट' म्हणतो त्यात चार-पाच गोष्टी एकावर एक रचलेल्या आहेत आणि प्रत्येक थर वेगळ्या लोकांनी, वेगळ्या काळात, वेगळ्या कारणासाठी उभा केला. पुस्तकवाले त्यातला एक थर उचलतात आणि त्याचं साल सगळ्याला चिकटवतात. मी डायल-अपच्या काळात या धंद्यात आलो, आता फायबरवर काम करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे: हे थर वेगळे ओळखता आले की इतिहास पाठ करावा लागत नाही आणि 'नेट चालत नाही' ही तक्रारही लवकर सुटते.

आयसीटीच्या व्याख्येवर फार वेळ घालवू नका. माहिती साठवणं आणि तिच्यावर प्रक्रिया करणं हे संगणकाचं काम. ती इकडून तिकडे नेणं हे टेलिफोन-तारेचं काम. ही दोन खाती पूर्वी अगदी वेगळी होती, माणसंही वेगळी. ती एकत्र आली कारण दोन्हीकडे सगळं शून्य आणि एकात मांडलं जाऊ लागलं. गाणं असो, एक्स-रे असो की सातबारा, एकदा त्याचे बिट झाले की तारेला त्यातला फरक कळत नाही. व्याख्येतलं एवढं मुलांच्या डोक्यात गेलं तरी पुरे.

आता १९६९. जुन्या टेलिफोनमध्ये तुम्ही फोन लावला की दोन टोकांमधली अख्खी वाट तुमच्या नावावर. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडलेलीच. माणसांच्या गप्पांना हे चालतं, पण संगणक क्षणभर भरपूर बोलतो आणि मग बराच वेळ गप्प असतो. त्याच्यासाठी अख्खी लाइन अडवून ठेवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांना न विचारता एकच तोड काढली. निरोपाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि एकाच तारेवरून सगळ्यांचे तुकडे मिसळून सोडायचे. या तुकड्यांना पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'अर्पा' या संस्थेने या रीतीवर 'अर्पानेट' उभारलं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द टाइप करायला घेतला. एल पोचला, ओ पोचला आणि पलीकडचा संगणक बसला. तासाभराने पुन्हा जोडणी झाली. वर्षअखेरीपर्यंत या जाळ्यात चार संगणक होते.

पॅकेट वाट कशी शोधतं हे मुलांना मी असं सांगतो. अनोळखी गावाला निघालात आणि वाटेत कुणाला विचारलंत तर तो पूर्ण रस्ता सांगत नाही. 'पुढच्या फाट्यापर्यंत जा, तिथे विचारा' एवढंच सांगतो. जाळ्यांच्या फाट्यावर बसलेलं यंत्र म्हणजे राउटर, तो नेमकं हेच करतो. पॅकेटवरचा पत्ता बघून त्याला पुढच्या राउटरकडे ढकलतो. अख्ख्या जगाचा नकाशा कुठल्याच राउटरकडे नसतो आणि एक रस्ता बंद पडला की पुढचं पॅकेट दुसऱ्या रस्त्याने जातं.

एक हिशेब फळ्यावर जरूर मांडा. तुम्ही ई-मेलने ३ एमबीचा फोटो पाठवलात. साधारणपणे एका पॅकेटचा आकार जास्तीत जास्त १,५०० बाइट. त्यातले किमान ४० बाइट पत्ता, क्रमांक वगैरे कारकुनीत जातात, उरतात १,४६०. म्हणजे एका फोटोची दोन हजारांवर पॅकेट होतात. ती मागेपुढे पोचू शकतात, एखादं वाटेत गळूही शकतं. पलीकडचा संगणक क्रमांक बघून ती जुळवतो, जिथपर्यंत सलग मिळाली तिथपर्यंतची पोच देत राहतो, आणि मधलं एखादं आलं नसेल तर इकडचा संगणक ते पुन्हा पाठवतो. हा सगळा खटाटोप दोन टोकांचे संगणक करतात. मधल्या राउटरला तो फोटो आहे की निवडणुकीचा निकाल, याच्याशी देणंघेणं नसतं.

इथून १९८३ कडे येऊ, कारण माझ्या मते खरं साल हेच आहे. अर्पानेट हे एक जाळं होतं. सत्तरच्या दशकात उपग्रहावर चालणारी, रेडिओवर चालणारी अशी आणखी जाळी निघाली आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. या जाळ्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं कसं, यावर विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये निबंध लिहिला. त्यांची हुशारी अशी की त्यांनी कुणालाच आपलं जाळं मोडायला सांगितलं नाही. तुमच्या घरात तुमचे नियम चालू द्या. बाहेर पडताना मात्र पॅकेटवर ठरलेल्या पद्धतीने पत्ता लिहा, एवढीच अट. तेच पुढे टीसीपी/आयपी झालं. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना नियम बंद करून हा स्वीकारला. 'जाळ्यांचं जाळं' ही व्याख्या आपण घोकतो, ती त्या दिवसापासून लागू होते.

या जोडीतलं टीसीपी म्हणजे टोकाच्या संगणकांनी पॅकेट जुळवायचे, पुन्हा पाठवायचे नियम, आणि आयपी म्हणजे पत्ता बघून पॅकेट पुढे नेण्याचे. आयपी मुद्दाम कमी अपेक्षा ठेवतं. पॅकेट पोचेलच याची हमीसुद्धा देत नाही, 'प्रयत्न करतो' एवढंच म्हणतं. टेलिफोनच्या मुरलेल्या इंजिनिअरांना हा प्रकार पोरकट वाटला होता. पण मधलं जाळं इतकं साधं ठेवल्यामुळेच पुढे टोकावर बसून कुणीही नवीन काहीही सुरू करू शकला, मधल्या कुणाची परवानगी न मागता. व्हिडिओ कॉल आला तेव्हा राउटरला व्हिडिओ म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही.

त्याच १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. तोवर कुठल्या संगणकाचा पत्ता काय याची एकच यादी स्टॅनफर्डच्या त्या संस्थेत ठेवलेली असे आणि सगळे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी हाताबाहेर गेली. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी, जगभर वाटलेली वही म्हणजे डीएनएस. या वहीचं नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९९१ वेबचं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये वेब बाहेरच्यांसाठी खुलं झालं. पानाचा पत्ता कसा लिहायचा, पान कसं मागायचं आणि पान कसं मांडायचं, या तीन गोष्टी त्यांनी ठरवल्या. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सगळं फुकट, कुणालाही वापरायला मोकळं केलं. त्याच वर्षी मोझेक हा चित्रं दाखवणारा ब्राउझर आला आणि लोक तुटून पडले. वेब हा इंटरनेटवर चालणारा एक प्रकार आहे. ई-मेल त्याच्या कितीतरी आधीची, १९७१ ची. मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल वेबचं एकही पान न उघडता चालतो. आणि गूगल हा वेबवर शोधून देणारा एक दुकानदार. दुकान कितीही मोठं असलं तरी रस्ता त्याच्या मालकीचा होत नाही.

आता भारत, म्हणजे माझा आवडता भाग. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, दिल्लीचा तो विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी हे या कामातलं मोठं नाव. सुरुवातीला संगणक ठरावीक वेळी एकमेकांना फोन लावायचे, साठलेली मेल द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा. सतत जोडलेलं असं काही नव्हतं. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला सेकंदाला ९.६ किलोबिटची लाइन मिळाली. मघाचा ३ एमबीचा फोटो त्या लाइनवरून पाठवला असता तर ४० मिनिटांच्या वर लागली असती, तीही बाकी सगळ्यांनी हात बांधून बसायचं म्हटलं तर. आणि देशभरच्या संशोधकांची परदेशी मेल त्यावर चालायची.

पण अर्नेट हे संशोधकांचं. तुम्हा-आम्हाला पैसे भरून जोडणी मिळाली १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मग पुणे-बंगळूर अशी ती पसरली. तेव्हा खात्यांचे दोन प्रकार असत. शेल खातं स्वस्त, पण काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्रांसकट वेब हवं असेल तर टीसीपी/आयपी खातं, ते वर्षाला हजारो रुपयांचं, शिवाय फोनचं बिल वेगळं. त्यामुळे विद्यार्थी सगळे शेलवर. पाइनमध्ये मेल वाचायची आणि लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये चित्रांशिवाय जग बघायचं.

मॉडेमचा तो ट्यां-खर्र-टिंगटिंग आवाज आज लोक करमणूक म्हणून ऐकतात. आम्ही तो कान देऊन ऐकायचो, कारण जोडणी कशी लागणार ते त्यातच कळायचं. फोनची लाइन माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलंच ती पुढे जाऊ देते. मॉडेम बिटांचे आवाज करून त्या चिंचोळ्या पट्ट्यातून दवडायचा. सुरुवातीचा खरखराट म्हणजे दोन मॉडेम एकमेकांना विचारतायत, लाइन कितपत साफ आहे, किती वेगाने बोलूया? पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की ५६ किलोबिटचा मॉडेम २८.८ वर बसायचा, कधी त्याच्याही खाली. हॉलमधल्या पॅरलल फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की डाउनलोड गेलंच. ऐंशी टक्के झालेली फाइल अशी गेल्यावर घरात काय बोललं जायचं ते इथे लिहीत नाही.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, मग गल्लोगल्ली सायबर कॅफे आले. तो भाग मुलांचे पालक तुमच्याहून रंगवून सांगतील.

ज्याबद्दल पुस्तकं एक ओळ लिहून मोकळी होतात ती समुद्राखालची तार. मुलांना वाटतं परदेशी नेट उपग्रहावरून येतं. खरं तर खंडांमधली जवळपास सगळी वाहतूक समुद्रतळावरच्या फायबरमधून, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तारेतून होते आणि भारतात त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. १९९७ मध्ये इंग्लंड ते जपान अशी सुमारे २८,००० किलोमीटरची 'फ्लॅग' केबल सुरू झाली, तिचा एक पाय मुंबईत आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला हाक मारली की उत्तर यायला ढोबळमानाने दोनशे मिलिसेकंद लागतात. महागडा प्लॅन घेतल्याने हा वेळ कमी होत नाही, हे ग्राहकाला पटवणं हे आमच्या धंद्यातलं एक कायमचं दुखणं.

जानेवारी २००८ च्या शेवटी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं. रखडलं, पण पूर्ण मेलं नाही. पश्चिमेची वाट बंद झाल्यावर पॅकेट पूर्वेकडून, पॅसिफिकवरून वळवली गेली. मघाचा फाट्याचा दाखला मुलांना पटला नसेल तर हे उदाहरण द्या. दुसरं उदाहरण घरचंच. २००३ मध्ये निक्सी हे देशी अदलाबदलीचं केंद्र निघेपर्यंत मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली मेल बऱ्याचदा परदेशाला वळसा घालून यायची. दोन्ही कंपन्या देशात कुठे जोडलेल्याच नव्हत्या, मग दुसरी वाट कुठली असणार?

मराठी नेटवर उशिरा का रुळली याचं उत्तरही थरांमध्येच आहे. तार होती, वेब होतं, पण अक्षरांचा करार नव्हता. जो तो आपापल्या फॉन्टचे आकडे वापरायचा. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. छापायला ते ठीक होतं, नेटवर शोधायला कुचकामी. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, तेव्हा हा प्रश्न सुटला. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच क्रमांक आहेत. नेटवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो, म्हणजे शब्दाला पंधरा बाइट. इंग्रजीत 'मराठी' लिहायला सात. एसएमएसची पद्धत वेगळी, पण गत तीच: इंग्रजी १६० अक्षरं मावतात आणि मराठी ७०, कारण निरोपाची पिशवी १४० बाइटचीच आहे.

२०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटाने काय झालं ते मुलं जगतायत, सांगायची गरज नाही. एक मात्र सांगा. आयपीच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, एकेका माणसामागे एकही येत नाही. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात आणि म्हणूनच कितीतरी जास्त पत्ते देणारी आयपीव्ही६ ही नवी पद्धत आणली. मुलांच्या फोनमध्ये ती बहुधा चालूच असेल.

आता वाय-फाय म्हणजे नेट हा गैरसमज. त्यावर व्याख्यान नको, प्रात्यक्षिक घ्या. संगणक कक्षातल्या यंत्रावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि तीन वेळा पिंग करा, म्हणजे 'ping' लिहून पुढे पत्ता टाका; पलीकडून उत्तर येतं का ते कळतं. पहिल्यांदा शाळेच्या राउटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी असतो, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) लिहिलं की 'गेटवे'समोर दिसेल. दुसऱ्यांदा ८.८.८.८ ला, हा गूगलच्या एका सर्व्हरचा आकडी पत्ता. तिसऱ्यांदा एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिलं उत्तर आलं म्हणजे यंत्रापासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक, मग ती वायर असो की वाय-फाय. वाय-फायचं राज्य तिथेच संपतं. दुसरं आलं म्हणजे बाहेरची लाइन ठीक. पहिली दोन आली आणि तिसऱ्याला नावच सापडलं नाही, तर गडबड त्या डीएनएसच्या वहीत. मग वाय-फायचा पासवर्ड बदलून काय होणार?

पहिलं आलं आणि दुसरं नाही, तर उठून फायबरच्या डब्याकडे बघा. त्यावर एलओएस (LOS, सिग्नल हरवला) असा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. यंत्र बंद-चालू करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा. बहुतेक वेळा कुठेतरी जेसीबीने रस्ता खोदलेला असतो. आमचा माणूस ओटीडीआर लावतो. ते यंत्र काचेत प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून तार किती अंतरावर तुटली ते सांगतं. मग तिथे जाऊन दोन टोकं सोलायची, पुसायची, काटकोनात कापायची आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवून ठिणगीने वितळवून जोडायची. केसाएवढ्या जाडीच्या त्या काचेचा मधला, प्रकाश वाहणारा भाग फक्त नऊ मायक्रॉनचा. भर रस्त्यावर, धुळीत, छत्री धरून ही काच जुळवली जाते. शक्य असेल तर मुलांना एकदा दाखवाच, कोणताही फायबरवाला हौसेने दाखवेल.

परीक्षेचं म्हणाल तर मुलांना साल एकटं लिहू देऊ नका, सालासोबत थर लिहायला लावा. १९६९ अर्पानेट, १९८३ टीसीपी/आयपी म्हणजे इंटरनेट, १९९१ वेब. भारतात १९८६ अर्नेट संशोधकांसाठी, १९९५ सर्वांसाठी. प्रश्न चार पर्यायांचा असेल आणि नुसतंच 'इंटरनेटची सुरुवात' विचारली असेल तर मंडळाच्या पुस्तकात जे आहे तेच लिहायला सांगा. गुण महत्त्वाचे आहेत, परीक्षकाशी भांडण नको.

तास संपायला दहा मिनिटं उरली तर त्याच काळ्या खिडकीत 'ट्रेसर्ट' (tracert, पॅकेटच्या वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) लिहून पुढे एखाद्या परदेशी विद्यापीठाचं संकेतस्थळ टाका. मोठ्या कंपनीचं नको. त्यांचे सर्व्हर मुंबईतच ठेवलेले असतात आणि मुलांना वाटेल अमेरिका पाच मिलिसेकंदांवर आहे. विद्यापीठांपैकीही काहींनी हीच सोय केलेली असते, तेव्हा एक नाही जमलं तर दुसरं घ्या. ओळीमागून ओळ राउटर दिसतील आणि कुठेतरी वेळ एकदम शंभराच्या पुढे उडी मारेल. पॅकेट समुद्रात शिरल्याची ती बहुधा खूण. मध्येच नुसत्या चांदण्या (*) दिसल्या तर घाबरू नका. पुढच्या ओळी येत असतील तर तो राउटर स्वतः उत्तर देत नाहीये, एवढंच. पॅकेट तो नेमाने पुढे ढकलतोय.